दहा सेकंदांचा फोटो आणि दोन महिन्यांची शिल्लक

ताई, नमस्कार.

मी २९ वर्षांची आहे, नोकरी करते. घरी आई आणि दादा. बाबा आजारी होते त्या वर्षी मी आणि ते मिळून एक परदेशी मालिका बघायचो. त्यांना रात्री झोप लागायची नाही, मग एकामागून एक भाग लावायचो. शेवटचे चार भाग मी एकटीने पाहिले. त्या मालिकेतला मुख्य नट आता एका मोठ्या फॅन कन्व्हेन्शनला, म्हणजे चाहत्यांच्या संमेलनाला, येतोय आणि मी प्रवेशाचं तिकीट काढलंय. तिथे त्याच्यासोबत प्रोफेशनल फोटो काढून मिळतो, पण त्याचे पैसे वेगळे, आणि ते थोडेथोडके नाहीत. बाकीचा खर्च धरून माझी दोन महिन्यांची शिल्लक जाईल. दादा म्हणतो, "दहा सेकंद उभं राहायचे एवढे पैसे? त्याला तुझं नावसुद्धा कळणार नाही. त्यापेक्षा लांबून मोबाइलवर काढ." मला राग आला, पण तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. पैसे देऊन घेतलेली भेट खरी असते का? मला त्याला बाबांबद्दल सांगायचंय. तेवढ्या वेळात सांगून होईल का? फोटो घेऊ की नको?

– एक चाहती

ता. क. माझ्या चष्म्याचा नंबर मोठा आहे. फोटोत काचा चमकतात, डोळे दिसतच नाहीत. चष्मा काढून फोटो काढू का?

*

प्रिय चाहती,

फोटोच्या रांगेत तुला बाबांबद्दल सांगता येणार नाही. पैसे भरण्याआधी तुला हे कळायला हवं, म्हणून सगळ्यात आधी लिहिते. तुझ्या पत्रात दोन इच्छा एकमेकींत गुंतल्या आहेत. त्याच्या शेजारी उभं राहून काढलेला एक छान फोटो आपल्याकडे असावा, ही एक. आणि त्या माणसाला मनातली गोष्ट सांगावी, ही दुसरी. कन्व्हेन्शनमध्ये या दोन्हींच्या जागा वेगळ्या, रांगा वेगळ्या आणि पैसेही वेगळे असतात. हे माहीत नसलं की चाहते एका रांगेचे पैसे भरतात आणि दुसऱ्या रांगेतली अपेक्षा घेऊन उभे राहतात. मग फोटो हातात असूनही घरी हिरमुसून येतात. मीही तशीच आले होते, म्हणून तुला जरा सविस्तर लिहितेय.

ज्याला फोटो ऑप म्हणतात तो प्रकार आतून कसा असतो ते ऐक. हॉलच्या एका बाजूला उंच काळ्या पडद्यांचा आडोसा केलेला असतो. आत मागे एक साधा, एकरंगी पडदा, दोन्ही बाजूंना छत्र्या लावलेले स्टुडिओचे फ्लॅश, समोर स्टँडवर कॅमेरा. पडद्यापुढे नट उभा असतो आणि बराच वेळ तसाच उभा राहणार असतो. बाहेर रांग वळणं घेत घेत पार दारापर्यंत गेलेली. आत जाण्याआधी स्वयंसेवक तिकीट स्कॅन करतात, बॅग आणि मोबाइल कडेच्या टेबलावर ठेवायला सांगतात. तुझा नंबर आला की चार पावलं चालत जायचं, त्याच्या शेजारी उभं राहायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, फ्लॅश, की दुसऱ्या बाजूने बाहेर. माणशी १५ सेकंद धरले तर तासाला २४० जण होतात. गर्दीच्या नटांच्या रांगेत तेवढेही मिळत नाहीत. स्वयंसेवक हळू पण सतत "पुढे चला" म्हणत असतात. त्यांचाही दोष नाही, कारण मागच्या प्रत्येकाने तेवढेच पैसे भरलेले असतात.

मी पहिल्यांदा माझ्या एका आवडत्या नटासोबत फोटो काढायला गेले तेव्हा एक वाक्य पाठ करून गेले होते. रांगेत उभी असताना तेच मनात घोळवत होते. आत गेले, तो हसला, मी बोलायला सुरुवात केली आणि फ्लॅश पडला. माझं वाक्य अर्ध्यात असतानाच मी पडद्याबाहेर होते. काही मिनिटांनी प्रिंट हातात आली. तिच्यात तो कॅमेऱ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे, तोंड अर्धवट उघडं, एक हात हवेत. तो फोटो आजही पाकिटातच आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी मी स्वाक्षऱ्यांच्या दालनातून जात होते. त्या नटाच्या मालिकेत छोटी भूमिका केलेली एक ज्येष्ठ अभिनेत्री तिथे टेबलाशी बसली होती. तिच्यापुढे चारच माणसं. मी स्वाक्षरीचे पैसे दिले, तिने फोटोवर माझं नाव लिहिलं, खाली सही केली, आणि मी काहीतरी सांगतेय हे लक्षात आल्यावर पेनला टोपण लावलं, पेन बाजूला ठेवलं आणि ऐकलं. दोनेक मिनिटं असतील. काय बोलले ते आता नीट आठवत नाही, पण ते टोपण लावलेलं पेन मला अजून दिसतं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा कन्व्हेन्शनला गेले तेव्हा बोलायचं ते टेबलाशीच बोलले. फोटोच्या वेळी फक्त "हॅलो" म्हणून कॅमेऱ्याकडे बघितलं. त्यातला एक फोटो माझ्या भिंतीवर आहे.

तर तुझी खरी जागा आहे स्वाक्षरीचं टेबल. तिथे कसं चालतं ते सांगते. टेबलावर त्या नटाच्या ८ बाय १० इंची फोटोंच्या चळती असतात, त्यातला एक निवडायचा किंवा घरून आणलेली एखादी वस्तू पुढे ठेवायची. शेजारी बसलेला मदतनीस पैसे घेतो किंवा आधी काढलेलं तिकीट बघतो, आणि नाव बरोबर लिहिलं जावं म्हणून ते एका चिकटचिठ्ठीवर लिहून फोटोवर लावतो. म्हणजे दादाला सांग, नाव कळतं. सही करायला जितका वेळ लागतो तितका वेळ तो माणूस तुझ्यासमोर बसलेला असतो आणि मान वर करून तुझ्याशी बोलू शकतो. मोठ्या नावांच्या टेबलाशीही गर्दी असते, तिथेही घाई करतात, पण बोलायला जागा असलेली रांग हीच. तीन दिवसांचं कन्व्हेन्शन असेल तर शनिवार टाळ. पहिल्या दिवशी किंवा शेवटच्या दिवशी सकाळी गर्दी कमी असते.

बाबांबद्दलचं सगळं तिथे बोलायला जाऊ नकोस. डोळे भरून येतील, मदतनीस घड्याळ बघेल, आणि आपण अर्धंच सांगितलं ही रुखरुख राहील. सगळं एका कागदावर लिही. एकच पान, त्याला वाचता येईल अशा भाषेत, स्वच्छ अक्षरात. त्या रात्रींचं जागरण लिही, बाबा कुठल्या प्रसंगाला हसायचे ते लिही, शेवटचे चार भाग तू एकटीने पाहिलेस ते लिही. पाकिटात घाल आणि सहीच्या वेळी हातात दे. तोंडाने एवढंच सांग, की बाबांच्या आजारपणात आम्ही दोघं रोज रात्री तुमची मालिका बघायचो, त्या रात्रींसाठी तुमचे आभार मानायला आलेय. त्याच्या भाषेत हे वाक्य घरी चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून बघ. दहा सेकंदांत होतं. त्यानंतर तो काही बोलला तर ऐक. नुसती मान हलवली तरी पत्र त्याच्याकडे पोचलेलं असेल.

पत्रं वाचली जातात का, असं तुझ्या मनात येईल. 'स्टार ट्रेक' या जुन्या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेत स्कॉटीची भूमिका करणारे जेम्स डूहान एक आठवण सांगायचे. जगणं नकोसं झालंय असं एका तरुण चाहतीचं पत्र त्यांना आलं. त्यांनी तिला फोन केला आणि म्हणाले, मी अमुक कन्व्हेन्शनला असणार आहे, तू तिथे ये. ती आली. मग पुढच्या कन्व्हेन्शनला ये म्हणाले, तिथेही आली. असं बराच काळ चाललं, मग तिचा पत्ता लागेना. कित्येक वर्षांनी तिचं पत्र आलं, की मी इलेक्ट्रॉनिक्समधलं पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलंय. ही आठवण सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. प्रत्येक नट असा नसतो, आणि तुझ्या नटाकडून अशी अपेक्षा मनात धरून जाऊ नकोस. पण अशा टेबलांच्या अल्याडपल्याड हेही घडलेलं आहे.

पैसे देऊन घेतलेली भेट खरी असते का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. ती त्या माणसाच्या कामाच्या वेळेतली भेट असते. डॉक्टरांनी फी घेतली म्हणून त्यांनी केलेली विचारपूस खोटी ठरत नाही, आणि तिकीट काढून ऐकलेलं गाणंही खोटं नसतं. या भेटींमध्ये पैसे कसे आले हेही समजून घे, म्हणजे मनातली अढी जाईल. अमेरिकेत सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांचं कन्व्हेन्शन, १९७० मध्ये सुरू झालं तेव्हा ते चाहत्यांचं छोटंसं घरगुती काम होतं. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी संमेलन भरवलं. मालिका १९६९ मध्येच बंद पडली होती, त्यामुळे काहीशे माणसं येतील असा त्यांचा अंदाज होता, आणि आली तीन हजारांच्या वर. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी आणि लेखक आयझॅक असिमॉव्ह पाहुणे होते. त्यानंतर अशी संमेलनं ठिकठिकाणी भरू लागली आणि नटांना बोलावणी जाऊ लागली. त्या काळच्या करारांप्रमाणे मालिकेच्या काही ठरावीक पुनःप्रक्षेपणांपुरतेच नटांना पैसे मिळायचे. पुढे मालिका वर्षानुवर्षं दाखवली जात राहिली तरी त्यांच्या हाती काही येत नव्हतं. एकाच भूमिकेचा शिक्का बसल्याने नवी कामंही मिळेनात. त्यातल्या कितीतरी जणांना चाहत्यांच्या या संमेलनांनीच हात दिला. डूहान त्यांतलेच एक.

आता हा मोठा धंदा झाला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या नटाला मागणी असते त्याला आयोजक एका किमान रकमेची हमी देतात. फोटो आणि स्वाक्षऱ्यांतून तेवढे पैसे जमले नाहीत तर उरलेले आयोजक भरतात. फोटोचा दर चढा असतो त्यामागे ही हमी असते, शिवाय फोटोग्राफर, छपाई आणि हॉलचं भाडं. म्हणून त्याच नटाचा दर एका कन्व्हेन्शनला एक आणि दुसरीकडे वेगळा दिसतो. दर जास्त म्हणजे भेट जास्त चांगली, असं अजिबात नाही. महागड्या व्हीआयपी पासांचंही तसंच. त्यांनी रांगेत आधी नंबर लागतो, पुढची खुर्ची मिळते, पण पडद्यापुढचे सेकंद सहसा तेवढेच राहतात. तू तो पास घेऊ नकोस.

आता दादा. तो म्हणतो ते एका बाबतीत बरोबर आहे, फोटोवाल्या रांगेत तुझं नाव त्याला कळणार नाही. लांबून मोबाइलवर काढ, हा सल्ला मात्र चुकला. फोटोच्या आडोशात स्वतःचा कॅमेरा चालत नाही, स्वाक्षरीच्या टेबलाजवळही पुष्कळ ठिकाणी 'फोटो काढू नये' अशी पाटी असते. स्टेजवरच्या गप्पांच्या वेळी मागच्या रांगेतून काढलेल्या फोटोत दिव्यांचा झगमगाट येतो आणि माणूस अंगठ्याएवढा. काही नट टेबलाशी सेल्फी देतात, त्याचे पैसे प्रोफेशनल फोटोपेक्षा कमी असतात, काहींकडे सहीबरोबर तो मिळतोही. पण हे सगळं त्या त्या नटाच्या मर्जीवर असतं, ते कन्व्हेन्शनच्या माहितीत आधी बघ.

आणि दादावर रागावून राहू नकोस. बाबा त्याचेही होते. तू रात्री बाबांजवळ बसून मालिका बघत होतीस तेव्हा तो काय करत होता हे तुझ्या पत्रात नाही. कदाचित तो पलीकडच्या खोलीत जागाच असेल, कदाचित औषधं आणि बिलं बघत असेल. पैशांचा हिशेब करणारी माणसं बऱ्याचदा त्याच वर्षात हिशेब करायला शिकलेली असतात. त्याला एकदा सांग की मला हा फोटो का हवाय. नटाचं नाव न घेता, नुसतं बाबांबद्दल सांग. आणि अजून एक गोष्ट, जी पुष्कळांना माहीत नसते. फोटोचं तिकीट बहुतेक ठिकाणी फोटोमागे असतं, माणसामागे नसतं. म्हणजे त्याच पैशांत दोघं, बऱ्याच ठिकाणी चौघांपर्यंत, एका फोटोत उभे राहू शकतात. कन्व्हेन्शनचा नेमका नियम वाचून घे. प्रवेशाचं तिकीट मात्र प्रत्येकाला वेगळं लागतं, आणि प्रिंट एकच मिळते, जास्तीच्या प्रिंटचे पैसे पडतात. दादा यायला तयार झाला तर फोटोचा खर्च एका पैशाने वाढत नाही. नाही आला, तर त्याच मालिकेची चाहती असलेली एखादी मैत्रीण तिथे भेटली तर तिच्याबरोबर पैसे वाटून घेता येतात. पण तुझ्या या फोटोत परकं माणूस असावं असं मला वाटत नाही.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन महिन्यांची शिल्लक ही साठवलेली असेल आणि ती गेल्यावरही आईच्या औषधपाण्याला, अडीअडचणीला वेगळं काही उरत असेल, तर खर्च कर आणि त्याबद्दल कुणाची माफी मागू नकोस. क्रेडिट कार्डावर किंवा उसने घेऊन करायचा असेल तर करू नकोस. एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर स्वाक्षरी घे, कारण तुला सांगायचं आहे. दोन्हींपुरते असतील तर फोटोही घे. फोटो घेतलास तर डिजिटल कॉपीचे थोडे जास्तीचे पैसे पडले तरी ते दे. प्रिंट ओली होते, दुमडते, रंग उडतो. डिजिटल कॉपी असली की आईसाठी दुसरी प्रिंट काढता येते. फोटोवरच सही हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. फोटोची वेळ सकाळची आणि सहीची दुपारची असेल तरच ते जमतं.

पैसे भरायचे ते कन्व्हेन्शनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा तिथून दिलेल्या दुव्यावरच. "मी अमुक नटाचा मॅनेजर, तुम्हाला खासगी भेट मिळवून देतो" असे संदेश समाजमाध्यमांवर येतात, गिफ्ट कार्डने पैसे पाठवायला सांगतात. ती सरळसरळ फसवणूक असते. तुझ्यासारख्या, मनातलं काही सांगायला आसुसलेल्या माणसांनाच ते हेरतात, म्हणून विशेष सांगते. दुसऱ्याचं तिकीट विकत घेणार असशील तर ते नावावर बदलून मिळतं का ते आधी विचार.

आणि तो नट ऐनवेळी येणार नाही, ही शक्यता मनाशी धरूनच जा. शूटिंगच्या तारखा बदलल्या की पाहुणे गळतात, कधी आठवडाभर आधी, कधी आदल्या दिवशी. अशा वेळी फोटोचे आणि सहीचे पैसे बहुतेक ठिकाणी परत मिळतात, प्रवेशाचं तिकीट, प्रवास आणि मुक्काम यांचे मिळत नाहीत. म्हणून मुक्काम रद्द करता येईल असा ठेव. आणि पत्राची आणखी एक प्रत घरी ठेव.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल थोडं. वेळापत्रक हमखास सरकतं, त्यामुळे फोटो आणि सही यांत किमान दीड-दोन तासांचं अंतर ठेव आणि त्या मधल्या वेळात स्टेजवरच्या गप्पांचं तिकीट काढू नकोस. फोटोच्या रांगेत अर्धा तास आधी जा. नंबरांच्या गटाने आत सोडत असतील तर आपला गट कधी ते स्वयंसेवकाला विचार. मागचा पडदा बहुधा करडा, निळा किंवा काळा असतो, म्हणून त्या रंगांचे कपडे नकोत, नाहीतर डोकं आणि हात तेवढे उठून दिसतात. फोटो साधारण कमरेपासून वरचा येतो, चपला-बूट पायाला सोसतील तेच घाल. मिठी मारावी, खांद्यावर हात ठेवावा असं वाटत असेल तर आधी विचार, आणि त्याने नको म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस. दिवसभर शेकडो अनोळखी माणसं त्याच्या अंगाला अंग लावून उभी राहतात. २०२१ मध्ये तर साथीमुळे पुष्कळ कन्व्हेन्शनमध्ये नट आणि चाहते यांच्यामध्ये पारदर्शक प्लास्टिकची तावदानं उभी करून फोटो काढत होते, आणि माणसं त्या तावदानावर तळहाताला तळहात लावून उभी राहत होती. ते फोटो मी पाहिले आहेत, सुंदर आहेत.

बाबांचं एखादं घड्याळ घरात असेल तर ते हातात घाल. हात कमरेच्या वर येईल असा ठेव, म्हणजे फोटोत दिसेल. त्या सेकंदांत तुला कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. वस्तू हातात धरायची असेल तर काय चालतं ते नियमांत बघावं लागतं. अंगावरच्या घड्याळाला कुणी हरकत घेत नाही.

प्रिंट हातात आली की तिथेच, टेबलापासून न हलता, नीट बघ. डोळे मिटले असतील, चेहरा हलला असेल तर लगेच सांग. नट अजून आत असतो तोवर बरेच फोटोग्राफर पुन्हा घेतात. एकदा तो निघून गेला की कुणाच्याच हातात काही राहत नाही. मी त्या दिवशी लाजेने काही न बोलता निघून आले, तू तसं करू नकोस. आणि घरून एक जाड पुठ्ठा आणि कडक पाकीट घेऊन जा. गर्दीत ८ बाय १० ची प्रिंट नुसती हातात धरून फिरलं की तिच्या कोपऱ्यांची वाट लागते. सही ओली असताना तर पाकिटात घालूच नकोस, चकचकीत कागदावर शाई वाळायला वेळ लागतो.

राहता राहिला चष्मा. काचा चमकतात त्या समोरचा फ्लॅश त्यांच्यावरून परतून थेट कॅमेऱ्यात जातो म्हणून. काचेचा कोन थोडा बदलला की तो प्रकाश खाली जातो. चष्म्याच्या दांड्या कानांवरून अगदी जराशा वर उचलून ठेव, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात, आणि हनुवटी बोटभर खाली घे. घरी आरशासमोर, हातात मोबाइलचा फ्लॅश धरून करून बघ, नेमका कोन सापडेल. आत गेल्यावर फोटोग्राफरला "चष्मा" एवढं म्हटलं तरी त्याला कळतं, दिवसभर तो हेच बघत असतो. पण काढू नकोस. तुझा नंबर मोठा आहे म्हणतेस, मग चष्मा काढलास तर शेजारी उभा असलेला माणूस तुला धुरकट दिसेल. इतक्या लांबून, इतके पैसे साठवून तू जातेयस, बाबांना आवडायचा तो चेहरा तुला हातभर अंतरावरून स्पष्ट दिसायला हवा.

तुझी,
ताई